सामंतबाईंचे तांदूळ

सामंतबाई गुन्हेगारांना तांदूळ निवडायला बसवायच्या. हे मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलं आहे आणि दर वेळी ऐकणारा हसला आहे. हसण्यासारखं होतंच ते. परळला एका बंद पडलेल्या दवाखान्याच्या माडीवर आमची कचेरी होती. तिथे जमिनीवर सतरंजी, सतरंजीवर मांडी घालून बसलेला एखादा दांडगा बाप्या, कुणी कुलूप फोडलेला, कुणी शेजाऱ्याचं डोकं, आणि त्याच्या पुढ्यात सूप. सुपात रेशनचा तांदूळ. त्या वेळच्या रेशनच्या तांदळात खडे भरपूर असायचे, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. बाई स्वतः दुसरं सूप घेऊन त्याच्या शेजारी बसायच्या. समोर कधीच बसत नसत.

"समोर बसलं की तो माझ्या तोंडाकडे बघतो," त्या म्हणायच्या. "मला काय ऐकायचंय ते ओळखतो आणि नेमकं तेच सांगतो. हुशार असतात हो. खड्यांकडे बघत बोलला तर निदान स्वतःशी बोलेल."

निवडलेले तांदूळ जवळच्या एका अनाथाश्रमात जायचे. कचेरीतले इतर लोक या प्रकाराला सामंतबाईंचा भटारखाना म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. "भटारखान्यात निदान काहीतरी शिजतं," असं एकदा त्या साहेबांना म्हणाल्या होत्या. साहेबांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

आमचं काम प्रोबेशनचं. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या माणसाला कोर्ट कधी कधी तुरुंगात न धाडता बाँडवर सोडतं. अमुक वर्षं नीट वाग, नाही वागलास तर मूळ शिक्षा भोग, असा तो करार. त्या मुदतीत त्याच्यावर नजर ठेवायची, काम बघून द्यायचं, घरी जाऊन यायचं आणि मॅजिस्ट्रेटला वेळोवेळी रिपोर्ट द्यायचा, हे कायद्यानं आम्हाला नेमून दिलेलं. माणूस आतून बदलायचा कसा, ते कायद्यात लिहिलेलं नव्हतं. ते बाईंनी आपल्या डोक्यानं ठरवलं होतं.

मी तिथं लागलो तो बी.ए. होऊन. विषय मानसशास्त्र. नायगावच्या बीडीडी चाळीत आमच्या मजल्यावरचा पहिला ग्रॅज्युएट मी, आणि आमच्या घराण्यात तर माझ्याआधी कुणी शाळेची वरची पायरीसुद्धा चढलेलं नव्हतं. याचा मला अभिमान होता, अजूनही आहे, आणि तो लपवावा असं मला कधी वाटलं नाही. पहिल्याच आठवड्यात मी बाईंना सांगितलं की तुम्ही जे करता त्याच्यासारखं काहीतरी आमच्या पुस्तकात होतं. त्याला नावही आहे. बाईंनी ते नाव दोनदा म्हणवून घेतलं. मग म्हणाल्या, "चांगलं आहे. साहेबांना पुढच्या वेळी हेच सांगू. भटारखान्यापेक्षा भारदस्त वाटतं."

त्या वेळी त्या पन्नाशीच्या आत-बाहेर असतील. उंच, पाठीत किंचित वाकलेल्या, फिकट सुती पाचवारी नेसलेल्या. दादरला भावाच्या बिऱ्हाडात मागच्या खोलीत राहायच्या. पाय सुजायचे म्हणून कचेरीत आल्या आल्या चपला काढून बाजूला ठेवायच्या आणि दिवसभर अनवाणी वावरायच्या. जांभई आली तर तोंडावर हात न धरता सरळ द्यायच्या, मग समोर कोर्टाचा बेलिफ असो नाहीतर साहेब. सकाळी जिना चढून आल्या की पहिलं वाक्य ठरलेलं: "दमले बाई." दिवस सुरूही झालेला नसे. मला सुरुवातीला ही लकब वाटली. नंतर कळलं, त्या खरोखरच दमलेल्या होत्या, आणि त्या दमण्याचा झोपेशी काही संबंध नव्हता.

'का केलंस?' हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारलेला मी ऐकला नाही. त्यांचं म्हणणं, 'का' विचारलं की माणूस वकील होतो. त्या म्हणायच्या, "त्या दिवशीचं सकाळपासून सांग." मग तो माणूस सांगायला लागायचा आणि तडक मारामारीवर यायचा. बाई त्याला मागे न्यायच्या. उठलास कधी? उठवलं कुणी? चहा मिळाला? चहा कुणी केला? असं करत करत तो दिवस पहिल्यापासून उलगडायचा. एकदा सांगून झालं की पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच दिवस, पुन्हा सकाळपासून. कंटाळून एखादा म्हणायचा, बाई, मागल्या खेपेला सांगितलं की. बाई म्हणायच्या, मागल्या खेपेला चहा प्यालास, या खेपेला नाही प्यालास. खरं कुठलं?

या सगळ्यातून त्यांना एकच गोष्ट शोधायची असे. तिला त्या फाटा म्हणत. त्या दिवशी ज्या जागी दुसऱ्या बाजूला वळता आलं असतं ती जागा. ती त्यांनी दाखवून चालायचं नाही, त्याची त्याला सापडली पाहिजे.

शेजाऱ्याचं डोकं फोडलेला एक जण होता, गिरणीतला रात्रपाळीचा साचेवाला. राग आला आणि मारलं, एवढंच तो महिनाभर सांगत होता. मग एकदा खडे वेचता वेचता त्याला आठवलं की सकाळी दाराची चौकट बसवायला त्यानं पहार घेतली होती, तेवढ्यात नळावर भांडण लागलं आणि तो तसाच गेला. पहार हातातच राहिली होती. तो सूप खाली ठेवून बसून राहिला. "ठेवायला पाहिजे होती, बाई," म्हणाला. बाई म्हणाल्या, "यापुढे राग आला की आधी हातात काय आहे ते बघ." त्या माणसाला मी पुढे कितीतरी वर्षांनी काळाचौकीला भेटलो. बोलता बोलता त्यानं आपल्या हातांकडे बघितलं. सवय जडली होती त्याला.

पण असे थोडे. रे रोडच्या लाकडाच्या वखारीतला एक जण होता, भागीदाराला फळकुटानं मारून आलेला. त्यानं दोनच खेपांत फाटा शोधला, रडला, बाईंच्या पाया पडायला वाकला. मी खूश झालो. बाई नव्हत्या. पावसाळा सरायच्या आत त्यानं दारू पिऊन पुन्हा त्याच भागीदाराला तसल्याच फळकुटानं मारलं. मी त्यांना विचारलं, चुकलं कुठं? त्यांनी डोळे चोळले आणि म्हणाल्या, "त्याला गोष्ट पाठ झाली होती, कांबळे. फार छान सांगायचा."

माझ्या कॉलेजातल्या सरांना मी या बाईंबद्दल सांगितलं तेव्हा त्यांनी त्यांना व्याख्यानाला बोलावलं. हॉल भरलेला. बाई उभ्या राहिल्या आणि तासभर फक्त जे तुरुंगात परत गेले त्यांच्याबद्दल बोलल्या. नाव न घेता, एकामागून एक, कोण कसा गेला. मुलं अस्वस्थ. शेवटी सर उठून म्हणाले, बाई, एखादं यशाचं उदाहरणही सांगा, मुलांना उमेद येईल. बाईंनी बराच विचार केला. "एक आहे," त्या म्हणाल्या. "पण त्याची मुदत अजून संपायची आहे. आत्ता सांगितलं तर दृष्ट लागेल." मुलं हसली. शिकलेल्या बाईच्या तोंडी दृष्ट हा शब्द सरांना आवडला नसावा.

तो एक म्हणजे शंकर घाडी.

शंकर लालबागच्या एका चाळीत आई आणि बायको सिंधू यांच्याबरोबर राहायचा. मूळचा मालवणकडचा. गिरणीत घडीखात्यात होता. एकदा पाळी सुटताना धोतराखाली कमरेला कापड गुंडाळून बाहेर पडत असताना दरवाजावर पकडला गेला. झटापटीत दरवानाचा हात मोडला. कोर्टानं दीड वर्षाची शिक्षा ठरवली, पण पहिलाच गुन्हा म्हणून बाँडवर सोडलं. गिरणीची नोकरी गेलीच. कापडाच्या ताग्यावरून चाळीनं त्याचं नाव ताग्या ठेवलं. पोरं जिन्यातून ओरडायची, "ए ताग्या, किती वार?" कुणाची दोरीवरची चादर वाऱ्यानं उडाली तरी आधी घाड्यांच्या दाराकडे बघायचे. सिंधू नळावर गेली की बायका आपापल्या कळशा जवळ ओढून घ्यायच्या.

बाई म्हणायच्या, ताग्या म्हणून हाक मारली की त्याच्यातला ताग्याच ओ देणार. म्हणून त्या चाळीत गेल्या की खालच्या चौकातूनच मोठ्यानं हाक मारायच्या, "शंकरराव आहेत का?" सगळ्या मजल्यांना ऐकू जावं म्हणून. एरवी त्यांचा आवाज बसका, पण ती हाक खणखणीत. दीड वर्ष त्या ती हाक मारत होत्या. चाळीनं काही ती उचलली नाही.

मग मुंबई महाराष्ट्राबाहेर ठेवायची बातमी आली. त्या जानेवारीत गिरणगावात काय झालं ते मी सांगायला नको. ज्यांच्या घरातलं माणूस गोळीनं गेलं त्यांनी ते सांगावं, त्यांचा तो हक्क आहे. गिरण्या बंद, दुकानं बंद, रस्त्यावर दगड आणि अश्रुधुराचा वास. आमच्या कचेरीखालून मोर्चे जायचे. बाई उठून खिडकी लावून घ्यायच्या, कारण घोषणांत शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. कचेरीत कुजबुज झाली की बाई सरकारधार्जिण्या आहेत. बाईंचं स्वतःचं मत काय होतं ते मी कधी विचारलं नाही. माझं मत मी मोर्चात जाऊन दिलेलं होतं.

एका दुपारी कळलं की लालबागला धरपकड झाली आणि त्यात शंकर आहे. बाँडवरचा माणूस दंगलीत पकडला जाणं म्हणजे खेळ संपला. बाई चौकीवर गेल्या, मीही गेलो. तिथं अंमलदार म्हणाला, गाडी भरून आणले होते, कोणावर काही लावायचं नाही असा वरून हुकूम आला, आत्ताच सोडले सगळे. आम्ही तसेच चाळीत गेलो.

चौकात गर्दी होती. सत्याग्रहात धरलेली चाळीतली माणसं सुटून आली होती आणि बायका त्यांना ओवाळत होत्या. रांगेत शेवटचा शंकर. कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडूचा हार. चाळ समितीचे दळवी, युनियनमधला तगडा माणूस, त्याच्या खांद्यावर हात टाकून सगळ्यांना सांगत होते, "आपला शंकर. एका शब्दानं बोलला नाही की बाँडवर आहे, गाडीत चढला." शंकर आमच्याकडे बघत नव्हता. त्याची आई मात्र बाईंचा हात धरून म्हणाली, "बाय, माझ्या झिलाचा नाव बरा झाला मां आता? कोण ताग्या म्हणूचो नाय."

"हो," बाई म्हणाल्या.

त्या आठवड्यात शंकर ठरल्या वेळी आला. मी पार्टिशनच्या अलीकडे माझ्या टेबलाशी होतो, सगळं ऐकू येत होतं. बाई म्हणाल्या, सकाळपासून सांग. शंकरनं सांगितलं: उठलो, घोषणा ऐकल्या, रक्त उसळलं, गेलो, पकडलं. बाई म्हणाल्या, चहा कुणी केला? चहा झालाच नाही म्हणाला. का? स्टोव्ह बिघडलेला. मग? मग सिंधू बोलली. काय बोलली? खडे सुपाच्या काठावर ठेवल्याचा तेवढा बारीक आवाज येत होता. पुन्हा सांग. दुसऱ्या खेपेला सिंधू जे बोलली ते आलं: नोकरी नाही, धड स्टोव्ह नाही, कसला पुरुष. तिसऱ्या खेपेला त्यानं एका दमात सांगून टाकलं. गर्दीनं नाक्यावरच्या भांड्यांच्या दुकानाच्या फळ्या तोडल्या होत्या, लोक आत शिरत होते, तोही शिरला. नवा स्टोव्ह घेऊन बाहेर आला तोच पोलिसांची गाडी. स्टोव्ह त्यानं हातगाडीखाली सरकवला आणि उभा राहिला. सत्याग्रहींना गाडीत कोंबत होते, त्यांच्याबरोबर त्यालाही कोंबलं.

"गाडीत सगळे घोषणा देत होते," तो म्हणाला. "मीपण दिल्या. द्यायला बरं वाटलं, बाई."

"फाटा कुठं होता?"

"नव्हता. दुकान उघडं होतं."

बाईंनी वाद घातला नाही. शंकर पुढे जे बोलला ते मला अजून तसंच आठवतं, कारण त्यात कुणाला खूश करायचा प्रयत्न नव्हता. "नळावर सिंधूला जागा देतात आता. पोरं शंकरभाऊ म्हणतात. हे खोट्यावर उभं आहे, मला काय समजत नाही काय? पण सोडवत नाही. आणि दळवीभाऊंनी पुढच्या तुकडीत पहिलं नाव माझं घातलंय. मी जातो. खरोखरच्या सत्याग्रहात जातो, खरोखरचा पकडला जातो. मग तरी खोटं राहणार नाही ना?"

"आणि मॅजिस्ट्रेटनी मूळची शिक्षा लावली म्हणजे? या वेळी कुणी सोडणार नाही. सिंधूनं काय करायचं?"

त्यानं सुपातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"नाही म्हणालास तर?"

"भ्यायला म्हणतील. भेकड ताग्या."

मग त्यानं विचारलं, तुम्ही कोर्टाला स्टोव्हचं सांगणार का? बाई म्हणाल्या, मला माहीत नाही. त्यांच्या तोंडून हे शब्द मी त्याआधी ऐकले नव्हते. तो गेल्यावर त्या सतरंजीवरच भिंतीला टेकून बसल्या. म्हणाल्या, "कांबळे, दीड वर्ष मी त्याला चांगलं वागायला शिकवतेय. आता त्याला चांगलं वागावंसं वाटतंय, तर मीच अडवायचं."

मी माझं मत सांगितलं. खरं ते रिपोर्टात लिहावं. आमच्या वस्तीतल्या कुणाला असं झाकून घेणारं कोणी भेटलं नाही, आणि झाकून माणूस सुधारतो हे मला पटत नाही. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुमचं बरोबर आहे," म्हणाल्या, आणि चपला शोधायला लागल्या.

दोन दिवसांनी त्या मला घेऊन लालबागला गेल्या. दळवींच्या खोलीत समितीची माणसं जमली होती, दारात बायका, आणि उंबऱ्याशी शंकर. चहा आला. सगळ्यांना पितळी पेल्यांतून. दळवींनी माझं आडनाव विचारून घेतलं होतं, मला कोपऱ्यातला कान तुटलेला कप आला. बाईंनी तो पाहिला. मी त्यांना पाहताना पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत आणि आपला चहा प्यायल्या. मी माझा घेतला नाही.

मग त्या म्हणाल्या, "शंकर तुमच्या तुकडीत येणार नाही. त्याला यायचंय. मी येऊ देणार नाही."

दळवींना आधी वाटलं गंमत आहे. "बाई, अख्खं गिरणगाव आत जायला निघालंय, आणि तुम्ही एकाला धरून ठेवता?"

"हो."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"माझ्याच."

"पगार कोण देतं तुम्हाला, तेपण सांगा की."

"सरकार देतं. उशिरा देतं, पण देतं."

कुणी हसलं, पण ते हसू लगेच आटलं. दारातली एक बाई म्हणाली, "मराठी ना गं तू? पोरं मेली आमची, आणि ही सरकारची चाकरी करायला आली." दुसरी म्हणाली, बघा बघा, पायात चप्पलसुद्धा सरकारी असेल. सामंतबाई तिथं अनवाणीच होत्या, चपला त्यांनी सवयीनं दाराबाहेर काढल्या होत्या. त्यांनी ते सांगितलं नाही.

तेवढ्यात शंकर पुढं आला. "दळवीभाऊ, ऐका, मी त्या दिवशी," असं त्यानं सुरू केलं. तो सगळं सांगून टाकणार होता, मला त्याच्या तोंडावर दिसत होतं. बाई त्याच्यावर ओरडल्या. "तू गप्प बस. तुझा बाँड माझ्याकडे आहे. एक पाऊल टाकलंस तर कुठं धाडीन बघ." असा आवाज त्यांना आहे हे मला ठाऊक नव्हतं. शंकरही दचकून मागं सरला. दळवींनी त्याला जवळ घेतलं आणि म्हणाले, "जाऊ दे, शंकर. तुझी चूक नाही. तू तयार होतास, हे चाळीला ठाऊक आहे." मग बाईंना म्हणाले, "या आता तुम्ही."

आम्ही जिना उतरलो. वरून कुणीतरी 'सरकारची बाई' म्हणून ओरडलं आणि पोरांनी ते उचललं. दीड वर्षांत बाईंची हाक त्या चाळीनं उचलली नव्हती, ही मात्र लगेच उचलली.

परळच्या नाक्याशी बाई म्हणाल्या, "तो कप मी पाहिला, कांबळे. मला दळवींची गरज होती म्हणून गिळलं. तुमच्या वतीनं गिळायचा मला अधिकार नव्हता."

"नव्हताच," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. त्यावर त्यांनी स्वतःचं समर्थन केलं नाही. या गोष्टीसाठी मला त्यांचा राग आला होता, आणि याच गोष्टीसाठी मी त्यांना मानतो. त्यांच्याकडे सबब होती, चांगली होती, तरी त्यांनी ती पुढं केली नाही.

रिपोर्टात स्टोव्ह आला नाही. भांड्याच्या दुकानदाराकडे त्यांनी शंकरला पाठवलं, सांगायचं की नाही ते तू ठरव म्हणून. शंकर गेला, दुकानाच्या फळ्या बसवून दिल्या, कित्येक रविवार जात राहिला, पण सांगितलं नाही. दुकानदाराला वाटलं हा सत्याग्रही फार भला माणूस आहे. बाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नाही सांगितलं? असू दे." त्या 'असू दे'मध्ये क्षमा होती की कंटाळा ते मला कळलं नाही.

लालबागचे दरवाजे त्यांना बंद झाले. बाई आल्या की खोल्यांची दारं लोटली जायची, आईबाप मुलांना आत घ्यायचे. बाँडवरची माणसंही कचेरीत यायचं टाळू लागली. शेवटी साहेबांनी त्या भागातल्या सगळ्या केसेस माझ्याकडे दिल्या. बाईंनी काही म्हणता काही सांगितलं नाही. खरं काय ते एका वाक्यात दळवींना कळलं असतं. मी एकदा तसं सुचवलंही. त्या म्हणाल्या, "मग मी काय कमावलं?" आणि जांभई दिली.

शंकरची मुदत नीट संपली. त्याला एका छापखान्यात बांधणीखात्यात काम मिळालं. मुदत संपल्या दिवशी तो कचेरीत आला, बाईंशेजारी सतरंजीवर बसला आणि कुणी न सांगता सूप पुढे ओढून सगळे तांदूळ निवडून गेला. दोघांत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, कारण झालंच नाही.

पुढं बाईंचे पाय फारच दुखायला लागले आणि त्यांनी नोकरी सोडली. सूप, सतरंजी माझ्याकडे आली. मी ती पद्धत चालवली, थोडी माझ्या पद्धतीनं. मी समोर बसतो. माझ्याकडे माणसांनी बघून बोलावं असं मला वाटतं, त्याला माझी कारणं आहेत.

महाराष्ट्र झाला त्या संध्याकाळी मी त्यांना दादरहून घेऊन आलो, दिवे बघायला. लालबागपासून परळपर्यंत रोषणाई होती. घाड्यांच्या चाळीसमोर मांडव घातला होता आणि समिती चाळीतल्या सत्याग्रहींना शाल-नारळ देत होती. बाईंना पुढं जायचं नव्हतं. आम्ही पानवाल्याच्या ठेल्याशी उभे राहिलो. शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि आपल्या सुनेला म्हणाली, तीच ना गं, शंकरभाऊंना अडवणारी? मी वळलो, तर बाईंनी माझी बाही धरली.

दळवींनी शंकरचं नाव पुकारलं. टाळ्या पडल्या. तो मागून कुठूनतरी आला, सगळ्यात शेवटी.

"माझा चष्मा रात्रीचा कामाचा नाही," बाई म्हणाल्या. "कसा दिसतोय?"

"मान खाली आहे."

"हसतोय?"

"नाही. शाल घातली तर खांदे आक्रसून उभा आहे."

"म्हणजे अजून जड जातंय त्याला," त्या म्हणाल्या. थोडा वेळ त्या दिव्यांकडे बघत राहिल्या. "मग ठीक आहे. चला, निघते मी."

मी म्हणालो, थांबा, तो खाली येईल, तुम्हाला भेटेल. त्या म्हणाल्या, "मला भेटला तर लोक त्याला विचारतील, हिला कशाला भेटतोस. नको." ट्राम गर्दीत अडकून पडली होती. परळपर्यंत चालते, म्हणाल्या, पुढचं पुढं बघू. मला बरोबर येऊ दिलं नाही. तुमची संध्याकाळ आहे, थांबा, म्हणाल्या.

गर्दी समोरून येत होती, त्या कडेकडेनं, दुकानांच्या फळ्यांना धरून चालल्या होत्या. मांडवातली एक पोर परात घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्यांना पेढे वाटत होती. तिनं बाईंना अडवलं. "आजी, तोंड गोड करा, महाराष्ट्र झाला," असं काहीतरी म्हणत असावी, मला लांबून नुसते तिचे हातवारे दिसत होते. बाईंनी पेढा घेतला, तिथंच खाल्ला, आणि हात तसाच पुढं धरला. पोरगी हसली. तिनं आणखी एक दिला. तो तोंडात टाकून बाई परळच्या दिशेनं चालायला लागल्या.